पाण्याकाठचे दगड

देशावरच्या एखाद्या जुन्या विहिरीच्या कडेनं जरा शोधक नजरेनं फिरलं, की एका अंगाला ओळीनं मांडलेले सात गोटे दिसतात. मुठीएवढे, फार तर नारळाएवढे. वर शेंदूर, पुढे हिरव्या बांगड्या, सुकलेली लिंबं, एखादा विटलेला खण. या साती आसरा. विहिरी, नदीचे डोह, तळी, ओढ्याची खोल वळणं ही त्यांची वस्ती. शेजारी आठवा गोटा असला तर तो त्यांचा भाऊ, पुष्कळ ठिकाणी म्हसोबा. त्यांना देऊळ लागत नाही, घडवलेली मूर्ती लागत नाही, पुजारीही लागत नाही.

बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर जाते तेव्हा आधी त्यांना हळदकुंकू वाहते, ओटी भरते आणि मगच घागर भरते. भर दुपारी बाराला किंवा तिन्हीसांजेला पोरीबाळींनी एकटं विहिरीवर जाऊ नये, असं जुन्या बायका बजावत. कुणी गेलीच आणि तापानं फणफणली, तर आसरांनी धरलं म्हणत. मग दहीभात, लिंबू, चोळीचा खण असं काहीबाही पाण्यावर नेऊन ठेवायचं. मुलांनी खोल पाण्यापाशी जाऊ नये म्हणून घातलेला हा धाक आहे, असं याचं स्पष्टीकरण हल्ली सर्रास दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. नुसता धाकच घालायचा असता तर बागुलबुवा पुरला असता. इथे मान आहे, देणंघेणं आहे. ज्या मुलखात वैशाखात पाणी तळाला जातं, तिथे पाणी कुणाच्या तरी मालकीचं आहे आणि ते मागून घ्यावं लागतं, ही समजूत त्यामागे आहे.

त्या देण्याघेण्याची एक कथा महाराष्ट्रात किती विहिरींना, तळ्यांना आणि गडांवरच्या टाक्यांना चिकटली आहे याची गणती नाही. गावात लग्न निघालं, की यजमान आदल्या संध्याकाळी पाण्यावर जायचा, सुपारी-कुंकू वाहायचा आणि पंगत किती पानांची ते सांगायचा. सकाळी काठावर पातेली, ताटं, पळ्या हारीनं मांडलेल्या असायच्या. कार्य उरकलं, की भांडी घासूनपुसून पुन्हा पाण्यात सोडायची. पुढे कुणा एकाला लोभ सुटला. त्यानं एक भांडं घरात ठेवून घेतलं आणि त्या दिवसापासून पाण्यानं द्यायचं थांबवलं. सांगणारा माणूस इथे थांबतो, आणि बहुधा त्या भांडं ठेवणाऱ्याचं घराणंही सांगतो! ही गोष्ट मला जलदेवतेइतकीच गावाची वाटते. मोठी भांडी, मोठं पाणी, मोठं कार्य ही सगळ्यांची सामाईक चीज. एकानं हात मारला, की सगळ्यांचं जातं.

कोकणातल्या अशा समजुती छापील रूपात आल्या त्या आर. ई. एन्थोवेन यांच्या १९१५ सालच्या लोकसाहित्यसंग्रहातून. मूळ सामग्री जमवली होती ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्यानं. त्यानं प्रश्नावल्या धाडल्या आणि खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांनी उत्तरं लिहून पाठवली. हाच जॅक्सन २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आला असताना अनंत कान्हेरे यांच्या गोळ्यांनी मारला गेला. ते राजकारण सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या कागदांत कोकणातल्या मास्तरांनी लिहिलेल्या विहिरी, डोह, देवचार आणि गावदेव होते, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या मास्तरांची मेहनत आज आपल्याला फार मोलाची आहे. ज्या म्हाताऱ्यांना विचारून त्यांनी लिहिलं, त्यांचा जन्म पेशवाई बुडाल्यानंतर थोड्याच वर्षांत झालेला असणार.

शेंदूर फासलेले दगड पुराव्यासारखे वाचायला आपल्याला शिकवलं ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. पेशानं ते गणिती. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि गावकुसाबाहेरच्या देवी त्यांनी पायी फिरून पाहिल्या, आणि १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात त्यावर लिहिलं. पुष्कळशा देवस्थानांच्या आजूबाजूला त्यांना सूक्ष्मास्त्रं सापडली. गारगोटीच्या जातीच्या दगडाची ही नखाएवढी पाती लाकडात किंवा हाडात बसवून हत्यारं होत. नांगर यायच्या आधी शिकारी आणि गुरंमेंढरं राखणारे लोक ठराविक वाटांनी हंगामी फिरत. त्यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदत, तिथे देवतांची ठाणी झाली, आणि पुढे शेती आली, गावं वसली तरी ती ठाणी वेशीबाहेर तशीच राहिली, असा त्यांचा विचार. वाडे बोल्हाईची देवी याला चांगला दाखला आहे. बोल्हाईच्या भक्तांना बोकड वर्ज्य, मेंढरू चालतं. शेतकऱ्याच्या गावात मेंढपाळाचा हा नियम अजून पाळला जातो.

इथे एक खबरदारी घ्यावी लागते. देवीच्या पायाशी दगडी पातं सापडलं म्हणून ते पातं घडवणारा माणूस याच देवीला भजत होता, असं सिद्ध होत नाही. माणसं मुक्काम करतात ती पाणी, सावली आणि वाट पाहून, आणि चांगली जागा दर पिढीला चांगलीच दिसते. देव बदलले असतील, जागेचं महत्त्व टिकलं. कोसंबींच्या विवेचनातून मी एवढंच घेतो, आणि एवढंही पुष्कळ आहे.

याच्या अगदी उलट प्रकार विदर्भात दिसतो. तिथले दगड महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभारणींपैकी आहेत. नागपूरहून काटोलच्या वाटेनं निघालं, की जुनापाणीच्या माळावर काळ्या धोंड्यांची वर्तुळं लागतात. एक-दोन नाहीत, सुमारे तीनशे. कापूस खात्यात असलेल्या रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८६७ च्या सुमारास इथे खोदून पाहिलं. १९६१-६२ साली बी. के. थापर यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. पुढे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड अशी ठिकाणं खणली, आणि ही वर्तुळं उभारणाऱ्या लोकांचं चित्र बरंच स्पष्ट झालं.

काळ अडीच हजार वर्षांपलीकडचा. माणूस गेला, की त्याची सगळी नव्हे, काही हाडं जमिनीत ठेवत. सोबत काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या. त्यावर चिकणमाती आणि गोट्यांचा थर, आणि भोवती मोठाल्या धोंड्यांचं कडं. माहुरझरीला मृतांबरोबर घोडेही पुरलेले निघाले, तोंडावर तांब्याचे अलंकार चढवलेले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. म्हणजे ही माणसं स्वतः लोखंड करणारी, घोडी बाळगणारी होती, आणि आपल्या माणसासाठी एवढे धोंडे ओढून आणण्याइतकी त्यांच्यात एकी होती.

जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान लहान खळगे ओळीत कोरलेले आहेत. असे खळगे ब्रिटनमधल्या प्राचीन शिळांवरही आहेत, आणि ते साम्य रिव्हेट-कार्नॅकच्या लगेच ध्यानात आलं होतं. दोन्हीकडची माणसं एकच, अशा कल्पना त्या काळी फार चालत. आज तसं कुणी म्हणणार नाही. दगडावर दगड घासून खळगा करणं ही माणसाला कुठेही सुचणारी गोष्ट आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खळग्यांच्या दिशा मोजल्या आणि त्यांचा संबंध आकाशनिरीक्षणाशी, कालगणनेशी असावा अशी शक्यता मांडली. शक्यता मोहक आहे. पण माझ्या मते अशी मोजणी आणखी पाच-सहा ठिकाणी व्हावी, मग बोलावं.

मला अधिक विचारात पाडते ती वेगळीच गोष्ट. दगडाला देव मानण्यात आपला मुलूख कुठे मागे नाही, आणि तरी या शेकडो वर्तुळांना अखंड पूजा लाभलेली नाही. ज्यांचे पूर्वज तिथे पुरले होते ती माणसं हलली, किंवा त्यांच्या चालीरीती पालटल्या, आणि वर्तुळं पोरकी झाली. खडी, घरांचे पाये, शेताचे बांध यांत त्यांचे धोंडे गेले. विहिरीवरच्या सात गोट्यांना कुणी हात लावत नाही आणि अडीच हजार वर्षांच्या वर्तुळातला धोंडा ट्रॉलीत भरून जातो. श्रद्धेनं दगड राखला जातो तो असा.

वीरगळांचं नशीब या दोहोंच्या मधलं. मारुतीच्या पारावर, वेशीपाशी, शिवालयाच्या आवारात टेकवून ठेवलेली, कमरेएवढी किंवा छातीएवढी उभी शिळा, तिच्यावर एकावर एक चौकटी. पुष्कळ जण वरून खाली पाहतात आणि गोंधळतात. वाचायची ती खालून वर. तळाच्या चौकटीत आडवा पडलेला वीर. कित्येकदा त्याच्या शेजारी गाईंची रांग असते, म्हणजे हा गावचं गोधन सोडवताना पडला. त्यावरच्या चौकटीत लढाई: ढाल-तलवारी, कधी घोडेस्वार. त्यावर अप्सरा दोन्ही बाजूंनी हात धरून त्याला वर नेताना. सगळ्यांत वर तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर कलश, चंद्र, सूर्य. चंद्रसूर्य असेतोवर याची कीर्ती राहो. नाव बहुतेक शिळांवर नाहीच. ज्या गावानं दगड उभा केला त्याला नाव ठाऊक होतं, कोरायची गरज भासली नाही, आणि चार पिढ्यांत ते विसरलं गेलं. जवळच सतीशिळा असेल तर तिच्यावर कोपरात वाकवलेला, बांगड्यांनी भरलेला हात दिसतो. त्या हातापुढे मी फार वेळ उभा राहू शकत नाही.

मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सर गावातले वीरगळ यांहून निराळे. तिथल्या शिळांवर समुद्रातली लढाई आहे. वल्ह्यांच्या नावा रांगेत, वल्हेकरी ओणवे, नावांवर योद्धे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये अशा सहा शिळांचं वर्णन आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा शेवट देवगिरीच्या यादवांनी केला, त्या संघर्षातल्या आरमारी लढाईशी अभ्यासकांनी यांचा संबंध जोडला आहे. आज त्यांच्या चहूबाजूंनी इमारती आहेत.

गावोगाव वीरगळाचा म्हसोबा झाला, भैरोबा झाला, कुठे नुसताच ‘बाबा’ झाला. त्याचा मूळ प्रसंग विसरला, नावही विसरलं, पण तो रक्षण करतो ही एक गोष्ट लोकांनी अचूक लक्षात ठेवली. गुरं वळवायला धावून गेलेला माणूस आजही गुरांच्या आजारपणात नवस घेतो. इतिहासाची ही आठवण तपशिलात चुकते, पण तिचा गाभा शाबूत आहे.

गधेगळाचं असं झालं नाही, कारण तो उभारला गेला होता तोच मुळी भीती घालण्यासाठी. शिलाहारांच्या काळात कोकणात हे दगड विशेष दिसतात. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांचं अभद्र चित्र. राजानं किंवा अधिकाऱ्यानं जमीन, धान्य, उत्पन्न दान दिलं, आणि हे दान जो मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होईल, असा शाप चित्रातच दिला. वाचता न येणाऱ्यालाही तो कळावा! यातली क्रूरता लपवण्याचं कारण नाही. पुरुषानं करार मोडायचा आणि शिक्षेचं चित्र बाईचं, हा त्या समाजाचा हिशेब दगडावर उघडा पडलेला आहे.

असाच एक दगड अलिबागजवळ अक्षी गावी आहे. त्यावरचा लेख मराठीतला सर्वांत जुना मानला जातो. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला. लेखात शिलाहार राजा केसिदेवराय याचं नाव आहे, आणि दान आहे ते महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्याचं. चित्पावन घरांत आजही बोडण भरतात: दूध, दही, तूप, मध, साखर परातीत घालून सुवासिनी आणि कुमारिका ते एकत्र कालवतात. हजार वर्षांपूर्वीच्या लेखातला विधी स्वयंपाकघरात चालू आहे, आणि त्याचा सर्वांत जुना कागद म्हणावा असा दगड कैक वर्षं रस्त्याकडेला उघड्यावर ऊनपाऊस खात होता. मराठीच्या अभिजाततेविषयी आपण इतकं बोलतो, तेव्हा हे बोचतं. इतर गावांत गधेगळ पालथे घातलेले सापडतात, पुरलेले सापडतात, किंवा खालचं चित्र मातीत दडवून वरच्या चंद्रसूर्यापुढे दिवा लावलेला दिसतो. भीतीची भक्ती होताना पाहायची असेल तर ती अशा दगडांपाशी पाहावी.

आता पुन्हा पाण्याकडे. साधी विहीर कुणीही खणतो, पण बारव हे दगडी स्थापत्य आहे. दख्खनचा काळा कातळ लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला. घट्ट थरात पाणी मुरत नाही. दोन थरांच्या मधल्या कुजक्या, सच्छिद्र पट्ट्यांत ते साठतं. पाणाड्यानं जागा दाखवायची आणि बेलदार-पाथरवटांनी तो पट्टा लागेपर्यंत कातळ फोडायचा. पावसाळ्यात पाणी वर येतं, उन्हाळ्यात कित्येक फूट खाली जातं, म्हणून पायऱ्या. माणूस पाण्याच्या पातळीमागोमाग उतरत जातो. शिल्पग्रंथांनी बारवांचे प्रकार वाटांवरून केले: एक वाट ती नंदा, दोनांची भद्रा, तिनांची जया, चारांची विजया. भिंतींत देवळ्या ठेवलेल्या असतात, आणि त्यांत शेषशायी विष्णू, गणपती, देवी. देवळ्या रिकाम्या असतील तर मूर्ती चोरीला गेल्या, नाहीतर गावातल्या नव्या मंदिरात हलल्या.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर पुष्कळांनी पाहिली असेल. विरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतली. अष्टकोनी, सुमारे ५० फूट रुंद आणि ११० फूट खोल. मराठवाड्यात वालूरची बारव गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची आहे. बारामतीजवळ लोणी भापकरला पुष्करणी, मंदिरं, यज्ञवराहाची मूर्ती आणि वीरगळ असं सगळं एकाच गावात पाहायला मिळतं. पाणी आणि दगड यांची सोबत समजून घ्यायची असेल तर माझ्या मते त्याहून चांगली जागा नाही.

बारवेला पाणी लागेना, मग स्वप्नात दृष्टांत झाला, थोरल्या सुनेला आणि मुलाला तळाशी उतरवलं आणि पाणी उफाळलं, ही कथा तर जागोजाग आहे. उत्खननात तिचा पुरावा मागायला जाऊ नये. ती कातळ फोडण्याच्या खर्चाची आणि त्यात खपलेल्या माणसांची कथा आहे, आणि त्याग कुणाच्या सुनेच्या वाट्याला येतो हेही ती स्पष्ट सांगते.

पवित्र पाणी म्हटलं, की ते कुणाला बंद होतं हे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं १९२३ सालीच केला होता, तरी तळ्यावर जाणाऱ्यांना मार खावा लागला, आणि मागाहून तळं पंचगव्यानं ‘शुद्ध’ करण्यात आलं. कोर्टाचा अखेरचा निकाल १९३७ साली लागला, तो आंबेडकरांच्या बाजूनं. आसरांच्या गोट्यांना जात विचारावी लागली नाही, माणसांनी मात्र पाण्याला ती लावली. बारवांच्या सौंदर्यावर लिहिणाऱ्यानं ही बाजू झाकू नये.

या दगडांना आज धोका आहे तो दोन टोकांचा. एकीकडे रस्तारुंदी, खाणी, प्लॉट. दुसरीकडे अतिप्रेम: ऑइलपेंट, सिमेंटचा गिलावा, चकचकीत फरशा, पॉलिशचं मशीन. शेंदूर त्या मानानं सौम्य, तरी त्याचंही ओझं होतं. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर २०२२ साली उतरवला, तेव्हा तो हजार किलोंहून अधिक निघाला आणि मूर्तीचं मूळ रूप दिसलं. पण गावच्या वीरगळावरचा शेंदूर कुणी उत्साहाच्या भरात तारेच्या ब्रशनं खरवडू लागलं, तर कोरीवकामही त्याबरोबर निघतं. ते काम जाणकारांचं.

आपल्याला करता येण्यासारखं मात्र बरंच आहे. वीरगळ पाहायचा तो सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. तिरप्या उजेडात चौकटी उठून दिसतात, माध्यान्हीच्या उन्हात दगड सपाट वाटतो. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, तेल लावू नये, बाजूनं बॅटरीचा झोत टाकला की पुरतं. उंची-रुंदी मोजावी, तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहावं, विहिरीपासून किती पावलं ते लिहावं. आणि मग गावातल्या जाणत्या बाईला विचारावं: इथे नारळ कोणत्या दिवशी फुटतो, नैवेद्य कोण आणतं, दगड आधीपासून इथेच आहे का, आसरांना काय चालतं आणि काय चालत नाही. मोजमाप आणि ती उत्तरं एकाच कागदावर लिहावीत, तारीख घालावी, एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक पुरातत्त्व विभागाकडे द्यावी. संरक्षित स्मारकांच्या यादीत यांतले फारच थोडे दगड आहेत, आणि यादीबाहेरचा दगड जेसीबीपुढे आला तर दाखवायला तोच कागद हाताशी असतो.